दुर्मिळ आणि सुलभ

आपल्या संप्रदायात ‘सुलभ’ ह्या शब्दाचा मान मोठा आहे. योग्यांना जे तपाने सापडत नाही ते पंढरीत विटेवर उभे आहे. त्याच्या भेटीला अधिकार लागत नाही, विद्या लागत नाही, पैका तर मुळीच लागत नाही. चालत यावे आणि पायांवर डोके ठेवावे. नाम तसेच सुलभ. गळ्यातली माळही तशीच. मोत्यांची नव्हे, पोवळ्यांची नव्हे, परसातल्या तुळशीच्या काष्ठाची. बाजाराची रीत ह्याच्या अगदी उलट. तिथे जे थोडे ते महाग आणि जे मुबलक ते मातीमोल. संतांनी ही मोजणीच मोडून टाकली. जे सर्वांना मिळते तेच सर्वांत मोठे, असे त्यांनी आपल्याला शिकवले. आरणच्या सावता महाराजांनी तर मळ्यातल्या भाजीपाल्यातच पांडुरंग पाहिला. पंढरीला न गेलेल्या ह्या माळ्याला संप्रदायाने संतांच्या मांदियाळीत बसवले, ते काही उगीच नव्हे.

हे सर्व आम्ही मानतो. पण मग एक अडचण उभी राहते. जे सुलभ ते जर मोठे, तर जे दुर्मिळ त्याचे आपण काय करावे? त्याला वारकऱ्याच्या लेखी काही विशेष किंमत आहे की नाही? आणि असेल तर ती कशामुळे? गेल्या श्रावणात आमच्या गावची पंचवीस-तीस माणसांची दिंडी भीमाशंकरास गेली, तेव्हा ह्याच प्रश्नावर मुक्कामाच्या रात्री बराच वेळ बोलणे झाले. ते निवाड्याला गेले नाही, पण विषय सर्व माळकऱ्यांच्या कामाचा आहे, म्हणून येथे मांडतो.

वारकरी भीमाशंकराला कशाला जातो, असे कोणी विचारणार नाही. हरि आणि हर ह्यांत भेद करणारा वारकरीच नव्हे. पांडुरंगाच्या मस्तकावर शिवलिंग आहे असे आपण मानतो, आणि एकादशीबरोबर सोमवारही धरणारे माळकरी गावोगाव आहेत. पण आमच्या दृष्टीने त्याहून जवळचे एक कारण आहे. भीमा तिथे उगम पावते. जी नदी पंढरीत अर्धचंद्रासारखी वळते आणि चंद्रभागा म्हणवते, तिचे पहिले पाणी त्या रानात झिरपते. सासरी नांदणाऱ्या लेकीचे माहेर एकदा तरी पाहून यावे, तसे हे जाणे.

आम्ही खेडकडून भोरगिरीस गेलो. तिथे भीमेच्या काठी कोटेश्वराचे देऊळ आहे. तेथून रानातली पायवाट चढत चढत भीमाशंकरास जाते, आणि वाटेत गुप्त भीमाशंकर लागते. नदी देवळापाशी उगम पावून जमिनीत लुप्त होते आणि येथे पुन्हा प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. दगडावरून पाणी पडते आणि त्या धारेखाली महादेवाची पिंड आहे. अभिषेक अखंड चाललेला. पुजारी नाही, पावती नाही. श्रावणात भोरगिरीच्या कड्यांवरून जिकडेतिकडे पाणी कोसळत असते. धुके इतके की पुढच्या माणसाची पताका दिसते, माणूस दिसत नाही. टाळ वाजवले तर आवाज दूर जात नाही. झाडे तो पिऊन टाकतात. आमच्यातली म्हातारी माणसे सपाटीवरची, ज्वारी-बाजरीच्या मुलखातली. ती त्या झाडांकडे पाहून एकसारखी “अगं बया” म्हणत होती.

हे सारे रान १९८५ साली अभयारण्य झाले. सुमारे १३० चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश पुणे, ठाणे आणि रायगड ह्या तीन जिल्ह्यांना लागून आहे. शेकरू म्हणजे तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. ती आपल्या राज्याचा प्राणी. तिच्यासाठी मुख्यतः हे रान राखले. ती सहसा जमिनीवर उतरत नाही, ह्या फांदीवरून त्या फांदीवर उडी घेत जाते. म्हणून तिला नुसती झाडे असून भागत नाही, एकाला एक लागून झाडे लागतात. मधले दोन-चार वृक्ष तोडले की तिचा रस्ताच तुटला. दिंडीतली साखळी तुटली की मागच्यांचा ताल चुकतो, तसेच.

झाडांचे काय सांगावे! कारवी दिसली. ती सात वर्षे नुसती वाढते, एकदाच सगळी मिळून फुलते आणि बी टाकून मरते. तिच्या वाळक्या काठ्यांनी तिथले लोक घराचे कूड विणतात. पावसात कुजलेल्या लाकडांवर एक बुरशी येते, ती रात्री हिरवट उजेड देते. काही हौशी माणसे ती पाहायला मुद्दाम रात्री जातात आणि हातातली बॅटरी विझवत नाहीत म्हणून त्यांना ती दिसत नाही, असे एका वाटाड्याने हसत हसत सांगितले. झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर आमरीची बेटे होती. शहरात तिला ऑर्किड म्हणतात. गावाकडे कित्येकजण बांडगूळ म्हणून तिची हेटाळणी करतात, पण ते खरे नाही. बांडगूळ झाडाचा रस शोषते. ही नुसती आधाराला बसते, आणि हवेतल्या ओलाव्यावर व सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यावर जगते. उपाशी येऊन ओसरीवर निजणाऱ्या पण घरधन्याच्या भाकरीला हात न लावणाऱ्या वाटसरूसारखी ही वनस्पती आहे.

वाद तिच्यावरूनच सुरू झाला.

आमच्यातले एक जुने माळकरी, नित्यनेमाचे, हरिपाठ कधी न चुकवणारे. त्यांनी खालच्या फांदीवरचे आमरीचे एक बेट मुळांसकट सोडवून उपरण्यात बांधले. गावच्या विठ्ठलमंदिरासमोर पिंपळ आहे, त्याच्या खोडाला बांधू, फुले आली की देवाला वाहू, हा त्यांचा हेतू. हेतूत खोट काढायला जागा नव्हती. तेवढ्यात वरून हिरड्याच्या पाटीसह एक म्हातारबाबा उतरले. महादेव कोळी समाजाचे, त्याच रानातल्या वाडीवरचे. त्यांनी उपरण्यातून बाहेर आलेली मुळे पाहिली. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “माउली, नेता खरं, पण तिला लागतं ते धुकं कशात भरून नेणार?”

बाबा पुढे निघून गेले. आमचे माळकरी काही बोलले नाहीत, पण उपरणेही सोडले नाही. रात्री मुक्कामावर त्यांनी आपली बाजू मांडली, आणि ती पोकळ होती असे आम्हांस म्हणता येत नाही. ते म्हणाले, “मी काय विकायला नेतोय का? देवाच्या रानातलं देवाच्या दारी नेतोय. तिथं जंगलात कोण बघतंय तिला? गावात शंभर माणसं बघतील, हात जोडतील. रानात पडून राहण्यापेक्षा ते बरं नव्हं?”

कायद्याचे उत्तर सोपे आहे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या अधिनियमाप्रमाणे अभयारण्यातून परवानगीवाचून एखादे रोपटे उपटून नेणे हा गुन्हा होतो. आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी ते सांगितलेही. पण वारकऱ्याचे समाधान कायद्याने व्हावे, हे आम्हांस पुरेसे वाटत नाही. चौकीवर शिपाई नसेल त्या दिवशी काय? म्हणून त्या माळकऱ्यांच्या युक्तिवादाला संप्रदायातूनच उत्तर शोधले पाहिजे, आणि ते आहे.

विजयनगरच्या राजाने पांडुरंगाची मूर्ती आपल्या राजधानीस नेली, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कथेतला राजा मूर्तिभंजक नाही, चोर नाही. तो भक्त आहे. त्याला वाटले, एवढे गोजिरे रूप ह्या वाळवंटाकाठी उन्हापावसात कशाला? आपण सोन्याचे देऊळ बांधू, राजोपचार करू, हजारो लोक दर्शन घेतील. हेतू आमच्या माळकऱ्यांच्या हेतूसारखाच निर्मळ. तरीही परंपरेने त्या राजाची बाजू घेतली नाही. नाथमहाराजांचे पणजोबा भानुदास महाराज तिथे गेले, प्राणावर बेतले तरी मागे हटले नाहीत, आणि देवाला पुन्हा पंढरीस घेऊन आले. हंपीला आजही विठ्ठलाचे ते विशाल देऊळ उभे आहे. दगडी रथ आहे, सूर निघणारे खांब आहेत, आणि गाभाऱ्यात मूर्ती नाही. देव जिथला तिथेच शोभतो, कारण त्याची जागा म्हणजे नुसती वीट नव्हे. पुंडलिक, चंद्रभागा, वाळवंट, दिंड्या, बडव्यांचे भांडणसुद्धा, सगळे मिळून ती जागा. विजयनगरला राजोपचार होते, पण पुंडलिक कुठून आणणार? म्हातारबाबा दुसरे काय म्हणाले? धुके कशात भरून नेणार?

आमरीची गोष्ट तर ह्याहून अवघड आहे. तिचे बी धुळीसारखे बारीक असते. इतके बारीक की त्यात कोंबाला पोसायला शिदोरीच नसते. एका विशिष्ट बुरशीची संगत मिळाली तरच ते रुजते, नाहीतर लाखो बिया वाऱ्यावर वाया जातात. म्हणजे सत्संगावाचून जन्मच नाही. पिंपळाला बांधलेले बेट एखादा पावसाळा जगेल, कदाचित एकदा फुलेलही; पण त्याची संतती तिथे होणे फार कठीण. शंभर माणसे हात जोडतील ती एका मरणाऱ्या वंशाच्या शेवटच्या फुलापुढे.

येथपर्यंत आमच्या मास्तरांना पटले. पण त्यांनी दुसऱ्या टोकाने प्रश्न केला. ते म्हणाले, “ठीक. दुर्मिळ म्हणून उपटू नये. पण दुर्मिळ म्हणून ते मोठं, असंही तुम्ही म्हणू नका. मग सुलभाचा सिद्धान्त गेला. अन् सरकारचा बोर्ड तर तेच म्हणतो.” हा आक्षेप बारकाईचा आहे. आम्हांस वाटते, उपटून नेणारा आणि बोर्ड वाचून ‘अबब, दुर्मिळ!’ म्हणत फोटो काढणारा, ह्या दोघांच्याही मनात नकळत तीच बाजाराची तराजू असते. थोडे आहे म्हणून किंमत. आणि ही तराजू एका हाताने थोडक्यावर झडप घालते, त्याच वेळी दुसऱ्या हाताने मुबलकाची नासाडी करते. दोन्ही गोष्टी एकाच मापाने होतात, हे आपल्या ध्यानात येत नाही.

उदाहरण सह्याद्रीतलेच घ्या. नरक्या नावाचे एक लहान झाड आहे. त्याला घाण वास येतो, म्हणून हे नाव. पूर्वी त्याला कोणी विचारीत नव्हते. घाटातल्या रानांत ते मोठ्या झाडांच्या सावलीत पुष्कळ होते. पुढे शास्त्रज्ञांना कळले की कॅम्प्टोथेसिन नावाचे जे द्रव्य १९६६ साली एका चिनी झाडात सापडले होते, ते ह्या नरक्यातही आहे, आणि त्यापासून कॅन्सरवरची औषधे होतात. मग काय विचारता! ज्याला लोक नाक मुरडीत होते त्याची रातोरात चोरटी तोड सुरू झाली, गाड्या भरभरून लाकूड गेले, आणि ते झाड आता दुर्मिळांच्या यादीत जाऊन बसले आहे. मुबलक होते तेव्हा नरक्या म्हणून हिणवले, उपयोगी ठरले तेव्हा मुळापासून तोडले. मधल्या काळात, म्हणजे ते पुष्कळ होते आणि निरुपयोगी वाटत होते तेव्हा, त्याला दोन शब्द बरे बोलणारा कोणी भेटला नाही. रोग्याला औषध मिळाले ह्याचा आम्हांस आनंदच आहे, आणि त्यासाठी झाड तोडूच नये असे आम्ही म्हणत नाही. लावून, वाढवून घेता आले असते. पण जे फुकट मिळते ते कोण लावतो?

आणि आता आपल्या घरातले उदाहरण. ते सांगायला जीभ कचरते, पण सांगितले पाहिजे. गुप्त भीमाशंकराला ज्या पाण्याची ओंजळ आम्ही डोळ्यांना लावली, ते पाणी चासकमानच्या धरणात येते, खेडावरून पुढे जाते. तुळापूरला त्याला इंद्रायणी मिळते, म्हणजे देहूचे आणि आळंदीचे पाणी मिळते. पुढे रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा येऊन मिळते, म्हणजे पुण्याचे सर्व काही मिळते. मग उजनी, ते धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या खाली नीरा नरसिंहपूरला नीरा मिळते आणि मग पंढरी. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या वेगवेगळ्या वाटांनी पंढरीस येतात, तसे त्यांच्या गावचे पाणीही आपल्या वाटेने येते. केवढा मोठा योग! आणि आळंदीला ऐन कार्तिकीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण किती वर्षे पाहत आहोत? त्यातच आंघोळ करतो, तेच तीर्थ म्हणून बाटलीत भरतो. वाळवंटात आपणच टाकलेल्या पत्रावळी, कापडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या पौर्णिमेनंतर जाऊन कोणी पाहिल्या आहेत काय? नदी दुर्मिळ नव्हती. ती सुलभ होती, दारात होती, विनापावती होती. म्हणूनच तिची ही दशा झाली.

म्हणजे सुलभाचा सिद्धान्त आपण तोंडाने म्हणतो, आणि व्यवहारात सुलभाला स्वस्त समजतो. सुलभ आणि स्वस्त ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पांडुरंग सुलभ आहे, तो त्याने आपल्यासाठी युगे अठ्ठावीस उभे राहून सोसले म्हणून. सुलभतेच्या मागे कोणाचे तरी कष्ट असतात. तुळशीचेच पाहा. तुळस आज दुर्मिळ का नाही? ती काही दगडासारखी चिवट वनस्पती नव्हे; उन्हाळ्यात चार दिवस पाणी चुकले तर मान टाकते. ती दारोदारी आहे, कारण दारोदारी कोणीतरी सकाळी उठून तिला तांब्याभर पाणी घालते, मंजिऱ्या वाळल्या की बी त्याच वृंदावनात चुरडते, आणि म्हातारी झाली की नवे रोप लावते. बहुधा घरातली बाईच हे करते, आणि तिचे नाव कोठे लागत नाही. शेकडो वर्षांचा हा सांभाळ आहे. त्याच्या जोरावर तुळस सुलभ झाली. म्हणून आमच्या मते सुलभ आणि दुर्मिळ ह्या वस्तूंच्या दोन जाती नव्हेत. जे सांभाळले गेले ते सुलभ राहिले, जे टाकले वा लुटले गेले ते दुर्मिळ झाले. काही वनस्पती जन्मतःच एखाद्या कड्यापुरत्या असतात हे खरे. पण त्यांचाही तो एकच कडा असतो, तो फोडला की संपले.

ह्या रीतीने पाहिले म्हणजे मास्तरांच्या आक्षेपाचे उत्तर मिळते. दुर्मिळ वनस्पती तुळशीपेक्षा थोर नव्हे, कमीही नव्हे. तिच्याकडे अधिक लक्ष द्यायचे ते ती मौल्यवान म्हणून नव्हे, ती आजारी म्हणून. चार लेकरांच्या आईचे प्रेम चौघांवर सारखे असते, पण एकाला ताप भरला तर ती रात्रभर त्याच्याच उशाशी बसते. उरलेली तिघे ‘आई भेद करते’ असे म्हणत नाहीत. समदृष्टी म्हणजे सगळ्यांना सारखी पंगत वाढणे नव्हे. आपल्या दिंडीतही पाय सुजलेल्या म्हातारीला पाण्याची पहिली तांब्या मिळते आणि तिच्यासाठी सगळी दिंडी संथ चालते. तिथे आपल्याला समतेचा अर्थ बरोबर कळतो. रानात गेल्यावर तो का विसरावा?

येथे एक गोष्ट टाळता येणार नाही. रान राखायचे म्हणताना त्या रानातल्या माणसांचे काय? हिरड्याची पाटी घेऊन जाणारे ते बाबा रोज रानातून काही ना काही घेतच असतात. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांतल्या कित्येक कोळी कुटुंबांना बाळहिरडा विकूनच वर्षाची मीठमिरची मिळते. मग त्यांनी घेतले तर चालते आणि आमच्या माळकऱ्यांनी देवासाठी घेतले तर चालत नाही, हा कुठला न्याय? आम्हांस तो न्याय दिसतो. बाबा फळ घेतात, झाड ठेवतात. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच यायचे आहे, हे त्यांना ठाऊक असते. आपण पाहुणे, आपल्याला पुन्हा यायचे नसते, म्हणून आपण मुळासकट नेतो. शिवाय ज्यांना आज अभयारण्याचे नियम सांगितले जातात, त्यांच्याच वाडवडिलांनी कोणताही कायदा नसताना देवराया राखल्या. आहुपे गावची देवराई प्रसिद्धच आहे. देवराईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा महाराष्ट्रातल्या किती तरी गावांचा पाळलेला नेम. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्यांनी १९७० नंतरच्या वर्षांत ह्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा बाहेर नाहीशी झालेली झाडे-वेली तिथे टिकून असल्याचे विद्वानांच्या ध्यानात आले. देवाच्या नावाने राखलेले रान टिकले, आणि देवाच्या नावाने आपण नेतो ते टिकत नाही, ह्याचा विचार करावा. अभयारण्यात दुर्मिळ जर कोणी असेल तर अशी राखणारी माणसेही आहेत. त्यांच्या वाडीचा रस्ता, दवाखाना, शाळा ह्यांच्या आड जर शेकरूचे नाव येत असेल, तर तो शेकरूचा दोष नव्हे, नियम करणाऱ्यांनी दोघांची गाठ नीट न घातल्याचा आहे. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला, तो ह्याच गोष्टीसाठी. एका आजारी लेकराचे औषध दुसऱ्याच्या ताटातली भाकरी काढून आणायचे नसते.

आता कोणी म्हणेल, मग वारकऱ्याने रानातून काहीच घेऊ नये काय? पूजेला पान-फूल तर लागतेच. लागते, आणि म्हणूनच जुन्या माणसांनी घेण्याला मर्यादा घातल्या. तुळस द्वादशीला तोडायची नाही, सूर्यास्तानंतर तोडायची नाही, नखाने तोडायची नाही. तिला नमस्कार करून, हवी तेवढीच. आम्ही लहानपणी ह्याला सोवळ्याओवळ्यातले समजत होतो. आता वाटते, रोज तोडणाऱ्या हाताला आठवड्यातून कधीतरी ‘थांब’ म्हणण्याची ती सोय होती.

बेलाच्या बाबतीत तर आपण अगदी ताळ सोडला आहे. श्रावणी सोमवारी भीमाशंकराला बेलाच्या पाट्याच्या पाट्या येतात. त्या पानापानाने खुडलेल्या नसतात. फांद्या कोयत्याने छाटून आणतात, मग बसून पाने काढतात. दुपारी तीच पाने पायदळी, आणि संध्याकाळी टोपल्यांनी उकिरड्यावर. तीन पानांचा एक बेल मनोभावे वाहिला तरी महादेव भोळा आहे, हे सांगणारे आपणच. आणि जुने शास्त्र तर असे की बेलाचे पान शिळे होत नाही. वाहिलेले पान धुऊन पुन्हा वाहता येते. फुलाला ही सवलत नाही, बेलाला आहे. कोणा जाणत्याने बेलाच्या झाडावर दया येऊनच ती दिली असावी, असे आम्हांस वाटते. शास्त्रीमंडळी वेगळे कारण सांगतील, त्यांच्याशी आमचा वाद नाही.

मुक्कामावरचे बोलणे अकराच्या पुढे चालले. आमरीचे ते बेट दुसऱ्या दिवशी माळकऱ्यांनी आपल्या हाताने एका ओल्या फांदीच्या बेचक्यात परत ठेवले, पण आपली बाजू चुकली असे काही ते अजून म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की बाबांनी ‘ठेवा’ म्हटले असते तर तेव्हाच ठेवले असते, तुमच्या विजयनगरच्या राजाची गरज नव्हती. येत्या श्रावणात पुन्हा निघायचे आहे. बेल ह्या खेपेला गावच्याच झाडाचा, घरटी एक त्रिदळ, असे ठरले आहे. ती पाने ओल्या फडक्यात गुंडाळून नेण्याचे काम त्याच माळकऱ्यांनी मागून घेतले आहे. भोरगिरीच्या पलीकडे पिशवी, बाटली नेऊ नये ह्यावर एकमत आहे. चहाच्या कागदी पेल्यांवर अजून झालेले नाही.